गाडीला कसं कळतं की आपली परीक्षा चालू आहे?

प्रश्न असा आलाय: "फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांना आपली चाचणी चालू आहे हे कळायचं म्हणतात. ते नेमकं कसं? आणि पकडले गेल्यावर सॉफ्टवेअर बदलून मोकळं व्हायचं सोडून कंपनीने एवढे पैसे का मोजले? माझ्याकडे २०१२ ची १.६ लिटर डिझेल आहे. सर्व्हिस सेंटरवाले अपडेट करून घ्या म्हणत होते, मी टाळलं. चुकलं का?"

मी पंचवीसेक वर्षं डिझेल इंजिनांच्या कॅलिब्रेशनमध्ये काढली आहेत, बहुतेक पुणे-चाकण पट्ट्यातच. कॅलिब्रेशन म्हणजे ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, हजारो आकडे भरत बसणं: कधी किती डिझेल मारायचं, किती धूर परत सिलिंडरमध्ये फिरवायचा, कुठल्या तापमानाला काय करायचं. तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे जास्त जागा त्यालाच जाईल.

आधी पहिला. गाडीत कुठलीही गुप्त डबी नव्हती, हे लोकांना सांगून पटत नाही. चाचणीचा दिवस कसा असतो ते ऐका, म्हणजे कल्पना येईल. गाडी आदल्या दिवशीच सोक रूममध्ये उभी करतात. रात्रभरात इंजिन, ऑइल, कूलंट सगळं खोलीच्या तापमानाला येतं. सकाळी ती ढकलत ढकलत डायनोवर, म्हणजे चाचणीच्या रोलरवर, न्यायची. चालू करायची नाही, कारण एकदा इंजिन पेटलं की कोल्ड स्टार्ट वाया गेला आणि पुन्हा एक रात्र गेली. चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधलेली, बॉनेटसमोर भलामोठा पंखा. ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते, तिच्यावरून न ढळता गाडी हाकायची. या ठरलेल्या रेघेला सायकल म्हणतात. आपल्याकडची सायकल ११८० सेकंदांची, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. युरोपातली जुनी सायकलही ११८० सेकंदांचीच, फक्त शेवटी १२० पर्यंत जाणारी. दरवेळी तीच रेघ, तीच वळणं, तेच थांबे. नवीन पोरगं आठवडाभरात ती पाठ करतं.

आता हे ईसीयूच्या बाजूने बघा. पुढची चाकं ९० ने पळतायत, मागची जागच्या जागी थिजलेली. वीस मिनिटं झाली तरी स्टिअरिंग एक अंशही हललेलं नाही. रस्त्यावर हे कधी होत नाही, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलला वाटतं की गाडी घसरतेय आणि ते ब्रेक मारायला बघतं. म्हणून कित्येक गाड्यांत डायनोसाठी वेगळा मोड ठेवलेला असतो आणि त्यात काहीही गैर नाही. गैर पुढे सुरू होतं. 'मी डायनोवर आहे' ही माहिती ब्रेकपुरती वापरायची सोडून धुराच्या नियंत्रणासाठी वापरली की झालाच घोटाळा. फोक्सवॅगनच्या ईसीयूत त्यापुढची पायरी होती. किती सेकंदांत किती अंतर कापलं याच्या वक्ररेषा आत भरून ठेवलेल्या होत्या. गाडी त्या रेषांच्या पट्ट्यात चालत राहिली तर चाचणी चालू आहे असं धरायचं, पट्ट्याबाहेर गेली की रस्ता, मग धुराचं नियंत्रण सैल सोडायचं. जर्मन इंजिनिअर मंडळींत या भागाचं नाव होतं 'ध्वनी फंक्शन'. नाव खोटं नव्हतं. ऑडीच्या जुन्या डिझेल इंजिनांचा कडकडाट कमी करायला जी युक्ती काढली होती तिने प्रदूषण वाढत होतं, म्हणून चाचणीपुरती ती बंद ठेवायची सोय केली गेली. तीच सोय पुढे दुसऱ्या कामाला जुंपली. कोणीतरी एके सकाळी उठून 'चला फसवूया' म्हणालं असं झालेलं नसतं. आधीपासून पडून असलेलं एक फंक्शन असतं, एक डेडलाइन असते आणि वरिष्ठांना नको असलेलं एक उत्तर असतं.

ते नको असलेलं उत्तर काय होतं, त्यासाठी थोडं इंजिनात शिरावं लागेल.

हवेतला नायट्रोजन एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधलं तापमान चढलं की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. डोळ्यांची आग, दमा आणि उन्हात तयार होणारा ओझोन यांचं मूळ यात आहे. पेट्रोल गाडीत हा त्रास थ्री-वे कॅटॅलिस्ट निस्तरतो. डिझेलच्या धुरात मात्र ऑक्सिजन शिल्लक राहतो, त्यामुळे तो कॅटॅलिस्ट इथे निकामी. मग तीन उपाय उरतात. पहिला ईजीआर: धुराचा काही भाग परत सिलिंडरमध्ये सोडून आग थंड करायची. पण आग थंड झाली की काजळी वाढते, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो आणि गाडी मरगळते. दुसरा, नायट्रोजन ऑक्साइड साठवून ठेवणारा ट्रॅप. तो भरला की जादा डिझेल जाळून रिकामा करावा लागतो, म्हणजे मायलेज गेलं. तिसरा, धुरात युरिया सोडायचा: वेगळी टाकी, पंप, इंजेक्टर, मोठा कॅटॅलिस्ट. काम उत्तम करतो, पण खर्चाचा आहे, जागा खातो आणि गिऱ्हाइकाला टाकी भरत राहावी लागते.

चौथा उपाय नाही. असता तर माझ्या अर्ध्या मीटिंगा झाल्याच नसत्या.

फोक्सवॅगनला २००६ ते २००८ च्या सुमारास ईए १८९ नावाचं नवं इंजिन घेऊन अमेरिकेत घुसायचं होतं. तिथली नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा होती दर मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४३ ग्रॅम. त्या काळच्या युरो ५ मध्ये ०.१८ चालत होतं. आपल्या बीएस ४ मध्ये तर ०.२५. म्हणजे घरच्या अंगणात जे इंजिन पास होतं, त्याला परीक्षा चौपट कडक. वर जाहिरात काय करायची होती? स्वच्छ डिझेल, दणकट पिकअप, भरपूर मायलेज, आणि किंमत मध्यमवर्गाला झेपेल अशी. छोट्या जेट्टाला युरियाची टाकी नको म्हणून ट्रॅप बसवला. पसाटला टाकी दिली, पण ती दहा हजार मैलांच्या सर्व्हिसपर्यंत पुरली पाहिजे, मध्ये गिऱ्हाइकाला भरायला लागता कामा नये असा आग्रह होता. रोज लागतो तेवढा युरिया सोडला तर टाकी तोवर पुरत नाही. मग सोडायचाच कमी, आणि चाचणीत तेवढा नीट सोडायचा. सगळं गणित एका प्लास्टिकच्या टाकीपाशी येऊन अडलेलं होतं.

पकडलं कोणी, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्याशा प्रयोगशाळेने, सुमारे ७० हजार डॉलरच्या प्रकल्पात. प्रकल्प देणाऱ्या आयसीसीटी या संस्थेला फसवणूक शोधायचीच नव्हती. अमेरिकेतल्या डिझेल गाड्या रस्त्यावरही स्वच्छ आहेत, मग युरोपात का नाहीत, असं त्यांना दाखवायचं होतं. डॅन कार्डर यांच्या हाताखाली तीन तरुण संशोधक होते आणि त्यातले दोघे आपल्याकडचे: अरविंद तिरुवेंगडम आणि बंगळूरचे हेमंत कप्पण्णा. तिसरे मार्क बेश. त्यांनी तीन गाड्या घेतल्या, डिकीत धूर मोजणारी यंत्रं आणि ती चालवायला जनरेटर लादला आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर हिंडले. पसाट तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेऊन आणली. जेट्टाचे आकडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट आले, पसाटचे ५ ते २० पट. आधी त्यांना आपलीच यंत्रं बिघडली असं वाटलं. कुठल्याही प्रामाणिक टेस्ट इंजिनिअरला आधी तेच वाटतं. पण तिसरी गाडी, बीएमडब्ल्यूची एक्स ५, त्याच यंत्रांवर बहुतेक ठिकाणी मर्यादेत चालली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच. डिझेल स्वच्छ करता येतं, तेवढे पैसे टाकावे लागतात.

कप्पण्णा नंतर एका मोठ्या अमेरिकन कार कंपनीत लागले. २०१९ मध्ये तिथल्या नोकरकपातीत त्यांचं नाव आलं आणि ते बंगळूरला परतले. विषयाशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अहवाल मे २०१४ मध्ये आला आणि कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने कंपनीला जाब विचारायला सुरुवात केली. इथून पुढचं वर्तन मला मूळ चुकीपेक्षा जास्त चिडवतं. कंपनी सव्वा वर्ष उडवाउडवीची उत्तरं देत राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे पाच लाख गाड्या परत बोलावल्या आणि 'दुरुस्ती' म्हणून नवं सॉफ्टवेअर घातलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिअरिंगच्या कोनाची भर होती, म्हणजे चाचणी आणखी नेमकी ओळखता येईल. गिऱ्हाइकाला वाटलं, कंपनी किती काळजी घेते! बोर्डाने पुन्हा मोजलं, फरक नगण्य. शेवटी २०१६ च्या मॉडेलना मंजुरीच मिळणार नाही असं दिसल्यावर ३ सप्टेंबर २०१५ ला कंपनीने कबुली दिली. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस जाहीर केली: सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या, मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड. पुढच्या सोमवारी शेअर जवळपास वीस टक्के कोसळला. मंगळवारी आकडा जगभरात १ कोटी १० लाख गाड्या असा झाला. बुधवारी मुख्य कार्यकारी मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. चाचणीत जो मॅप, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांचा जो संच, चालतो तोच कायम चालू ठेवायचा, एवढं साधं नव्हतं का? नव्हतं. तो मॅप वीस मिनिटांपुरता बेतलेला. तो रोज चालवला तर डीपीएफ गुदमरतो, ट्रॅप लवकर मरतो, डिझेल जास्त जातं. म्हणजे स्वच्छ चाललेली गाडी दोन-तीन वर्षांत वॉरंटीच्या दारात उभी. लपवाछपवी ज्या खर्चातून वाचायला केली, दुरुस्ती केली की तोच खर्च व्याजासकट पुढ्यात येतो. अमेरिकेतल्या जुन्या, ट्रॅपवाल्या गाड्या पूर्णपणे नियमात बसवता येणार नाहीत हे नियामकांनीही मान्य केलं. म्हणून २०१६ मध्ये १,४७० कोटी डॉलरची तडजोड झाली. मालकाने गाडी परत द्यायची, प्रकरण फुटण्याआधीच्या बाजारभावाने पैसे घ्यायचे आणि वर किमान ५,१०० डॉलर भरपाई. मिशिगनमधलं पडकं सिल्व्हरडोम स्टेडियम आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला व्हिक्टरव्हिलचा विमानतळ अशा ३७ जागी लाखो गाड्या ओळीने उभ्या होत्या. बारमाही उन्हात, पांढऱ्या, करड्या, निळ्या. फोटो शोधून बघा. इतक्या चालत्या गाड्या नुसत्या उभ्या बघून या धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

युरोपात याच्या अगदी उलट. तिथली मर्यादा सैल, कायदाही सैल. २.० लिटरला नुसतं सॉफ्टवेअर. १.६ लिटरला सॉफ्टवेअर आणि एअर फिल्टरनंतरच्या नळीत बसवायचा जाळीचा एक प्लास्टिकचा तुकडा, ज्याने आत येणारी हवा सरळ होऊन सेन्सरला नीट मोजता येते. अमेरिकन गिऱ्हाइकाला हजारो डॉलर आणि जर्मन गिऱ्हाइकाला जाळी! तिथले लोक चिडले त्यात नवल नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०२० मध्ये ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला, पण चालवलेल्या किलोमीटरचे पैसे वजा करून. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून धुराचं नियंत्रण बंद ठेवण्याची पळवाट नाकारली. ही पळवाट एकट्या फोक्सवॅगनची नव्हती, 'इंजिन प्रोटेक्शन' हा शब्द आमच्या धंद्यात फार सढळ हाताने वापरला जायचा.

शिक्षेचं म्हणाल तर कंपनीचं एकूण बिल ३,००० कोटी युरोंच्या वर गेलं. माणसांचं चित्र वेगळं. अमेरिकेत जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिने, ऑलिव्हर श्मिट या व्यवस्थापकाला सात वर्षं. ऑडीचे माजी प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांना २०२३ मध्ये निलंबित शिक्षा आणि ११ लाख युरो दंड. विंटरकॉर्न यांनी कंपनीला १ कोटी १२ लाख युरो भरून दिले. त्यांच्यावरचा खटला २०२४ मध्ये सुरू झाला आणि प्रकृतीच्या कारणावरून थांबला. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, त्यातल्या दोघांना प्रत्यक्ष तुरुंगवास. लियांग यांच्यासारख्या माणसाबद्दल मला पूर्ण राग येत नाही, पूर्ण दयाही येत नाही. मीटिंगमध्ये 'जमत नाही' म्हणायला किती जड जातं ते मला माहीत आहे. पण तो इंजिनिअर असतो, आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

हे सगळं जर्मनांचंच पाप असंही समजू नका. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रकच्या इंजिनांच्या सात कंपन्या अशाच सॉफ्टवेअरसाठी सापडल्या होत्या. कमिन्सने २०२४ मध्ये रॅम पिकअप ट्रकांच्या इंजिनांसाठी १६७.५ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड मान्य केली. आणि आपल्याकडे फोक्सवॅगनच्या दोन वर्षं आधी, २०१३ मध्ये, जनरल मोटर्सचं टवेरा प्रकरण झालं. तिथे सॉफ्टवेअरचीही गरज लागली नाही. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत निवडून काढलेली, कमी धूर देणारी इंजिनं बसवत होते. १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

भारतात फोक्सवॅगन प्रकरणाचा धागा पुण्यातच येतो. चाकणचा कारखाना आणि कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था. एआरएआयने गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या, आकडे प्रयोगशाळेपेक्षा जास्त आले आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअरसाठी बोलावल्या. कंपनीचं म्हणणं होतं की बीएस ४ चा नियम फक्त प्रयोगशाळेपुरता आहे, रस्त्यावरच्या आकड्याला मर्यादाच नाही, मग आम्ही मोडलं काय? कायद्याच्या अक्षराकडे बघितलं तर मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, आणि खरी लाजिरवाणी गोष्ट तीच. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात वसुलीला स्थगिती दिली. रस्त्यावर धूर मोजण्याची सक्ती आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून, बीएस ६ च्या दुसऱ्या टप्प्यात आली.

आणि पीयूसी? डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायचा, नळी सायलेन्सरमध्ये. नायट्रोजन ऑक्साइड रंगहीन किंवा फिकट असतात आणि त्या यंत्राला ते दिसतच नाहीत. तुमची गाडी मर्यादेच्या दहापट ओकत असली तरी पीयूसी पास होईल.

गेल्या दिवाळीत माझा भाचा नवी वाटावी अशी जुनी डिझेल घेऊन आला. "मामा, पिकअप बघ काय झालाय!" म्हणाला. एका गॅरेजवाल्याने ईजीआर पत्रा लावून बंद केला होता, डीपीएफ आतून पोकळ केला होता आणि ईसीयू रिमॅप करून चेक लाइट लागणार नाही अशी व्यवस्था केली होती. चौदा हजार रुपये. फोक्सवॅगनच्या इंजिनिअरांनी निदान चाचणीत तरी सगळं चालू ठेवलं होतं, यात तेही नाही. मी पीयूसीचं विचारलं. सकाळीच काढलं होतं.

तुमच्या गाडीबद्दल. सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन अपडेट अजून बाकी आहे का ते विचारा आणि बाकी असेल तर करून घ्या. युरोपात अपडेटनंतर ईजीआर व्हॉल्व्हच्या तक्रारी आल्या होत्या, मायलेज पडल्याच्याही आल्या, म्हणून आधी ईजीआरची अवस्था बघायला सांगा. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत तो काजळीने भरलेला असणारच. साफ करून मग सॉफ्टवेअर टाकलं तर त्रास कमी होईल. अपडेटनंतर टाकी पूर्ण भरून दोन-तीनदा मायलेज मोजा, नुसत्या मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. तुमची गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं होऊन आरसी नूतनीकरण येईल. तोवर विकायचा विचार असेल तर अपडेटची नोंद सर्व्हिस हिस्टरीत असलेली बरी. आणि कोणी 'अपडेट नको, आम्ही मस्त रिमॅप करून देतो' म्हणालं, तर ईजीआर आणि डीपीएफचं काय करणार एवढंच विचारा.